पानासाठी सोडलेली जागा

कुमुदताई तांबट उजव्या हाताने पाणी प्यायच्या नाहीत. दाराची कडी काढणं, भाजीची पिशवी धरणं, रिक्षावाल्याला हात करणं, सगळं डाव्या हाताने. जव्हारला मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं की उजव्या हाताला काहीतरी झालेलं आहे. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "काही नाही झालं. कामाचा आहे तो."

काम सुटून तेव्हा त्यांना सहा वर्षं झाली होती. सरकारी बांधकामाच्या ऑफिसात त्या ट्रेसर होत्या. इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ शाईने जशीच्या तशी वर उतरवायची. रस्त्याखालच्या मोऱ्या, साकव, शाळेच्या खोल्या, मोखाड्याकडच्या रस्त्याची वळणं, असं चाळीस वर्षं चाललं. पुढे कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर ही जागाच राहिली नाही. जुनं ट्रेसिंगचं कापड ऊन पाण्यात भिजवून खळ काढली की आतून तलम मलमल निघते. कुमुदताईंचे सगळे हातरुमाल त्याचेच होते. एखाद्या रुमालाच्या कोपऱ्यात पुसट अशी एखादी मोरी दिसायची.

नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. शेवटच्या ओळीत ट्रेस करणाऱ्याची आद्याक्षरं. त्या ओळीत मावतील एवढीच अक्षरं त्यांनी आयुष्यभर लिहिली. मला एकदा सहज म्हणाल्या होत्या, पूर्ण नाव लिहायला कधी जागाच नव्हती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतले तक्ते वाळवीने खाल्ले तेव्हा मी कुमुदताईंना हृदयाचा एक तक्ता काढून द्याल का विचारलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाचं?"

मी म्हटलं, कुणाचं म्हणजे, माणसाचं, कुठलंही. तर कुठलंही हृदय नसतं म्हणाल्या. शेवटी मी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणून दिलं आणि त्यांनी ते दोन दिवस पाण्यात ठेवून त्याचं चित्र काढलं, खाटकाच्या सुरीची चीरसुद्धा. माझी मुलं अजून त्या चिरेसकट हृदय शिकतात. एका मुलीने परीक्षेत त्या चिरेला बाण काढून नाव काय द्यायचं म्हणून विचारलं होतं.

मला त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते यासीनभाईंच्या दुकानापासून सुरू होतं. यासीनभाईंचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान बाजारपेठेच्या उतारावर आहे, वडिलांपासूनचं. एका घरातून त्यांच्याकडे दत्ताची जुनी तसबीर काच बदलायला आली. मागचा पुठ्ठा काढला तर दत्ताच्या पाठीशी आणखी एक चित्र निघालं, जाड पुठ्ठ्यावर डकवलेलं. मालकाला ते नको होतं. रेघांचं काम म्हणून यासीनभाईंनी ते ताईंना आणून दिलं.

ते छापील नव्हतं. हाताने रंगवलेलं होतं, कागद चहाच्या रंगाचा झालेला. एक फूल होतं, पण फूल म्हणायला जीभ वळत नाही असं. जमिनीतून सरळ वर आलेला दांडा, त्याभोवती मांसाच्या रंगाचं एकच मोठं आवरण, आतून ठिपके, आणि मधून वर निघालेला जाड, सुरकुतलेला, काळपट सुळका. आवरणाच्या डाव्या काठाला एक तिकोनी फाट होती. चितारणाऱ्याने ती फाटही रंगवली होती, तिच्या कडा किंचित आत वळल्या होत्या त्याही. खाली कंद आडवा कापून दाखवलेला. आणि उजवीकडचा अर्धा कागद कोरा. तिथे पेन्सिलीने फिकट गोल काढलेला होता आणि बाकी काही नाही. अगदी खालच्या कडेला इंग्रजीत, जुन्या पद्धतीने, मोखाड्यापलीकडच्या खोडाळा गावाचं नाव. सही नव्हती.

सुरणाच्या जातीचं काहीतरी आहे, एवढं मला कळलं. आमच्याकडे रानात शेवळं येतात, पावसाच्या तोंडावर बाजारात भाजीला असतात, त्याच कुळातलं. या झाडांचं फूल आधी येतं. ते सडून गेलं की मग महिना-दीड महिन्याने त्याच जागी पान येतं, एकच, छत्रीसारखं. दोन्ही कधी एकत्र दिसत नाहीत. म्हणजे उजवीकडची जागा पानासाठी राखलेली होती. चितारणारा पानाची वाट बघत होता.

"मग थांबला का नाही?" कुमुदताईंनी विचारलं.

त्या आठवड्यापासून त्यांनी खोडाळ्याच्या फेऱ्या सुरू केल्या. बाजाराच्या दिवशी सकाळच्या जीपने मोखाड्यापर्यंत, तिथून दुसरी जीप. बरोबर त्यांनी केलेलं चित्राचं ट्रेसिंग. भाजी घेऊन बसलेल्या बायांपुढे ते पसरायचं आणि हे कुठे मिळेल विचारायचं. सगळ्या जणी शेवळा म्हणून सांगत आणि पुढचा पाऊस येईपर्यंत थांबा म्हणत. एका बाजाराला सुट्टी म्हणून मी बरोबर होते. नागली घेऊन बसलेली एक म्हातारी होती, जमनीबाय. तिने ट्रेसिंग हातात घेतलं नाही. वाकून पाहिलं आणि मान मागे घेतली.

"ह्यो शेवळा नाय बाय," ती म्हणाली. "ह्यो मढ्याचा. खायाचा नाय."

खायचा नाही, बघायचा आहे, असं कुमुदताईंनी सांगितलं. मग तिने जे सांगितलं ते तिच्या आजीने तिला सांगितलेलं होतं आणि तिच्या आजीला कुणी सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पाड्यावर एक चितारी आला होता. साहेबाचा माणूस, पण इकडचाच. फूल काढून झाल्यावर पान येईपर्यंत तो ओढ्याच्या बाजूला खोपटात राहिला. रोज बसायचा. पान आलं त्या दिवशी सकाळी त्याने जाऊन ते पाहिलं, परत येऊन सामान बांधलं आणि निघून गेला.

"पान न काढताच?" ताईंनी विचारलं.

"आजी म्हणं, काढायचं काय ऱ्हायलंच नव्हतं त्याला."

याचा अर्थ तिलाही सांगता आला नाही. पण पुढच्याच्या पुढच्या बाजाराला तिने फडक्यात बांधून एक कंद आणला, नारळाएवढा, गार, एका बाजूने चपटा. पैसे घेतले नाहीत. फडकंही परत घेतलं नाही.

कंद रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला आणि मधल्या खोलीत खिडकीशी ठेवला. त्या वर्षी काही आलं नाही. कुमुदताई रोज सकाळी बादलीपुढे स्टूल घेऊन पाच मिनिटं बसायच्या. त्याच काळात त्यांनी मूळ चित्र माझ्या कपाटात ठेवायला दिलं, ट्रेसिंगसकट, आणि किल्ली मीच ठेवावी म्हणून सांगितलं. फूल आलं तर ते स्वतः बघून काढायचं होतं. चित्र घरात असलं की हात तिकडे जाईल, म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय आहे, विचारणार नाही तो.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी पेपर तपासायला पालघरला गेले होते. चौथ्या दिवशी दुपारी परतले तर गल्लीत वास होता. मेलेल्या जनावराचा असतो तसा, गोडसर, घशात बसणारा. कुमुदताईंच्या दारापुढे सात-आठ माणसं उभी होती. दार आतून बंद होतं. दोन दिवस ताई कुणाला दिसल्या नव्हत्या, दूधवाल्याची पिशवी कडीला तशीच लोंबत होती. दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही. कुणीतरी पोलिसांना बोलवायला निघालं होतं. यासीनभाई रुमाल नाकाला लावून कडेला उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वास मढ्याचाच होता, शंकेला जागा नव्हती. मला बादली आठवली नाही. पुस्तकात वाचलेलं सगळं ठाऊक असूनही मलाही तेच वाटलं जे बाकीच्यांना वाटलं.

माझ्या न्हाणीघरातून त्यांच्या मागच्या पडवीत जायला वाट होती. मी तिकडून आत गेले.

मधल्या खोलीत कुमुदताई स्टुलावर बसल्या होत्या. समोर बादलीत ते उभं होतं, माझ्या कमरेएवढं. खोलीभर माशा होत्या, पण त्या ताईंवर बसत नव्हत्या, सगळ्या त्या आवरणाच्या आत उतरत होत्या. ताईंच्या मांडीवर फळी, फळीवर कागद. मी आल्याचं त्यांना कळलं असावं, कारण न वळता त्या म्हणाल्या, "हाका ऐकू आल्या. हात उचलता येत नव्हता मध्येच." मग म्हणाल्या, "हात लावून बघ."

मी वाकून त्या सुळक्याला हात लावला. तो गरम होता. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा. ही झाडं वास दूर जावा म्हणून आतून तापतात, हे मी वर्गात शिकवते. तरी मी हात झटक्याने मागे घेतला आणि माझी बांगडी आवरणाच्या काठाला अडकली. ओल्या कापडासारखा आवाज झाला. डाव्या काठाला तिकोनी फाट पडली.

मी ओशाळून उभी राहिले. दोन वर्षं वाट बघितलेलं फूल. कुमुदताईंनी फाटीकडे पाहिलं, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि म्हणाल्या, "असू दे. आता ते तसं आहे." आणि ती काढायला घेतली.

मी पुढच्या दाराने बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, फूल आहे. कुणालाही ते खरं वाटलं नाही. दूधवाला आत डोकावून गेला आणि पुढचा महिनाभर पिशवी दाराला न अडकवता लांबूनच ठेवत होता.

संध्याकाळपर्यंत फूल एका कुशीवर पडलं. दोन दिवसांत त्याचं पाणी झालं. ताईंनी रंग पुरे केले, एक दिवस सुकू दिले आणि मला कपाट उघडायला सांगितलं. मी ट्रेसिंग आणून दिलं. त्यांनी ते आपल्या चित्रावर पसरलं, थोडं डावीकडे सरकवलं, आणि चार कोपऱ्यांना वजनं ठेवली.

रेघेवर रेघ बसली. दांड्याचा बाक, ठिपक्यांच्या ओळी, सुळक्याच्या सुरकुत्या. माझ्या बांगडीने फाडलेली फाट त्या जुन्या फाटीत तंतोतंत बसली, आत वळलेल्या कडांसकट.

मी काय काय बोलले. एकाच जातीची फुलं सारखीच असतात, तुम्ही ते चित्र इतक्या वेळा पाहिलंय की हाताला पाठ झालं असेल. फाटीला मात्र यातलं काही लागू नव्हतं. ती मी पाडली होती आणि त्या क्षणी माझ्या मनात चित्र नव्हतं.

कुमुदताई घाबरलेल्या दिसल्या नाहीत. दमलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "म्हणजे हेही ट्रेसच केलं मी."

त्यांनी वजनं एकेक करून उचलली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना उजव्या हाताने काहीतरी साधं करताना पाहिलं. त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पान तरी माझं असेल. तिथे खाली काहीच नाही."

पाऊस आला. जव्हारला पावसात ढग गल्लीतून चालतात, दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो, पुस्तकांना, चपलांना, सगळ्याला बुरशी धरते. बादलीतली माती काळी होत गेली. जुलैत मातीतून एक हिरवट सुई वर आली आणि आठवड्यात उलगडली. पांढऱ्या ठिपक्यांचा दांडा आणि वर एकच पान, तीन फाट्यांचं, फाट्यांना पुन्हा फाटे, सगळं मिळून खोलीभर छत्री. त्या खोलीतल्या उजेडाचा रंगच बदलला.

ताईंनी ते अकरा दिवस काढलं. या वेळी दार उघडं ठेवायच्या आणि मी दोन वेळा जेवण नेऊन द्यायची, नाहीतर जेवल्या नसत्या. बोलत नव्हत्या फारशा. सहाव्या दिवशी रात्रीतून गोगलगायीने उजवीकडच्या एका फाट्याचा अर्धगोल तुकडा खाल्ला. तोवर तो भाग काढून झालेला होता. त्यांनी ब्लेडने हलकेच खरवडून तो पुसला आणि खाल्लेला काढला. नवव्या दिवशी पाकळ्यांसारख्या टोकांपैकी एक टोक मुडपून खाली वळलं, तेही तसंच काढलं. शेवटच्या दिवशी मला बोलावलं. फूल डावीकडे, पान उजवीकडे. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखलेली नव्हती. तिथे लिहिलं होतं, कुमुद गोविंद तांबट. अक्षरं नकाशावरच्या अक्षरांपेक्षा मोठी होती आणि थोडी वाकडी.

मला म्हणाल्या, "बघ गं, नीट आलंय ना?" असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

जुनं आणि आपलं, दोन्ही चित्रं त्यांनी यासीनभाईंकडे फ्रेमला दिली. तीन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर यासीनभाईंनी मला दुकानातून हाक मारली. त्यांनी अर्धं शटर ओढून घेतलं, तेव्हा मला वाटलं पैशांचं काही बोलायचं असेल. त्यांनी काउंटरवर जुनं चित्र पालथं ठेवलं होतं.

पावसाने मागच्या पुठ्ठ्यावरची खळ सुटली होती. तो सडलेला पुठ्ठा त्यांनी सोलून काढला होता. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने एक पान काढलेलं होतं. तीन फाट्यांचं. उजवीकडच्या फाट्याला अर्धगोल खाल्लेलं. एक टोक मुडपून खाली वळलेलं.

यासीनभाईंनी ताईंचं चित्र शेजारी आणून ठेवलं. मग त्यांनी जुना कागद दाराशी नेऊन उजेडाला धरला. पाठीवरचं पान समोरच्या बाजूला त्या पेन्सिलीच्या गोलात दिसायला लागलं, उलटं, आरशातल्यासारखं. खोडाळ्याच्या पाड्यावर पान पाहून सामान बांधून निघालेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याने हे पान आधीच काढलं होतं का, कधी काढलं होतं, आणि त्याच्या समोर आलेलं पान होतं तरी कुठलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

"मॅडम," यासीनभाई हळू आवाजात म्हणाले, "ताईंना दाखवायचं?"

मी कोपऱ्यातल्या त्या नावाकडे पाहिलं. शाई अजून नवी होती.

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांनाही तेच ऐकायचं होतं. माझ्यासमोर त्यांनी नवा पुठ्ठा कापला, चित्र न डकवता नुसतं वर ठेवलं, काच घातली, आणि फ्रेमच्या पाठीला चारी बाजूंनी खाकी कागद चिकटवला. कागद एकदा वाकडा बसला, काढून पुन्हा लावला.

ताई फ्रेम घ्यायला आल्या तेव्हा मी होते. त्यांनी दोन्ही उलटून पाहिल्या. "जुन्याची पाठ नवी केलीस?" त्यांनी विचारलं. "ओल होती ताई," यासीनभाई म्हणाले. ताई बरं म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात त्यांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं आणि उजवाही जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं. नाशिकचा भाचा न्यायला आला. कुमुदताईंनी तक्रार केली नाही. भांडी दूधवाल्याच्या बायकोला दिली. बादलीतल्या मातीत कंद नव्हता, नुसती पोकळी होती, ती त्यांनी मला बोटाने चाचपायला लावली आणि माती कुंपणाशी ओतून टाकली. स्वतःचं चित्र त्यांनी मला दिलं, प्रयोगशाळेत लावण्यासाठी. मुलांना नाव वाचता येईल अशा उंचीवर लाव, एवढंच सांगितलं. जुनं मात्र बरोबर घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी ऊन होतं. यासीनभाई दुकान उघडायच्या आधी येऊन उभे राहिले. ताईंनी त्यांना आणि मला नमस्कार केला, मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही दोघं फार जपता मला." भाच्याने त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि फ्रेम डिकीत ठेवायला मागितली, ती त्यांनी दिली नाही.

गाडी उतारावर वळण घ्यायला थांबली तेव्हा मागच्या काचेतून मला त्या दिसल्या. फ्रेम त्यांनी मांडीवर पालथी ठेवली होती. मान इतकी खाली झुकली होती की कपाळ जवळजवळ कागदाला टेकलं होतं, उरलेला डोळा तिथेच. आणि उजव्या हाताच्या नखाने त्या खाकी कागदाचा कोपरा हळूहळू सोडवत होत्या.